ऑर्व्हिल राइट आणि पहिले विमान

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील विमान व अंतराळ यांच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात एक जुने विमान जतन करून ठेवलेले आहे. त्याचा सांगाडा लाकडाचा असून पंख मलमलीने मढवलेले आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी सुमारे ४० फूट आहे. या विमानाला चाके नाहीत आणि चालकाला बसावयास आसनही नाही. खालच्या पंखावर पालथे पडूनच त्याने ते चालवावयाचे. शेकडो उतारूंना घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या आजच्या विमानांशेजारी ते एखाद्या खेळण्यासारखे वाटेल. परंतु माणसाला घेऊन, यंत्राच्या बळावर, चालकाच्या ताब्यात राहून उडालेले पहिले विमान ते हेच होय. ज्या दोघा भावांनी ते बांधले, त्यांपैकी धाकट्याचे नाव ऑर्व्हिल राइट. विमान बांधण्यास या भावांना चार वर्षे लागली. पण त्याची खरी हकीगत जगासमोर टिकून राहावी म्हणून ऑर्व्हिल यांना कित्येक वर्षे झगडावे लागले.

ऑर्व्हिल यांचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी झाला. थोरले बंधू विल्बर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते. वडील मिल्टन राइट हे एका ख्रिस्ती धर्मसंघाचे बिशप होते. धर्मकार्यासाठी त्यांना सतत प्रवास करावा लागे. आई सुसान यांचे हात मोठे कुशल होते. घरातील मोडकीतोडकी वस्तू दुरुस्त करणे, मुलांसाठी खेळणी बनवणे, ही कामे त्या सहज करीत. हस्तकौशल्याचा हा वारसा मुलांना त्यांच्याकडूनच मिळाला.

१८७८ साली वडिलांनी प्रवासाहून परत येताना मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते बनलेले होते. त्यातील रबराला पीळ देऊन सोडले की ते भिरभिरत छतापर्यंत जाई. मुलांनी त्याचे नाव वटवाघूळ असे ठेवले. खेळणे नाजूक होते. ते लवकरच मोडले. मग मुलांनी तशीच खेळणी स्वतः करून पाहिली. लहान खेळणी चांगली उडत. पण तेच खेळणे मोठे केले की ते उडेनासे होई. असे का व्हावे, हे कोडे त्या वयात त्यांना उलगडले नाही. परंतु उडण्याची गोडी मात्र मनात कायमची रुजली.

पुढे दोघांपैकी कोणीही महाविद्यालयात गेला नाही. ऑर्व्हिल यांना छपाईचा छंद होता. त्यांनी स्वतःच एक छापयंत्र तयार केले आणि १८८९ साली दोघा भावांनी एक छोटेसे स्थानिक वृत्तपत्रही काढले. त्याच वर्षी क्षयाने आईचा मृत्यू झाला. १८९२ साली भावांनी सायकलींचे दुकान थाटले. प्रथम विक्री व दुरुस्ती, आणि नंतर स्वतःच्या बनावटीच्या सायकली, असा हा व्यवसाय वाढत गेला. विमानाच्या प्रयोगांचा सगळा खर्च याच दुकानाच्या मिळकतीतून चालला.

१८९६ साली ऑटो लिलिएन्थाल या जर्मन संशोधकाच्या मृत्यूची बातमी आली. टेकडीवरून पंखांच्या साहाय्याने तरंगत उतरण्याचे प्रयोग तो अनेक वर्षे करीत होता. असाच एक प्रयोग करताना तो कोसळला. त्याच सुमारास ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणाला खिळलेले होते. ते बरे झाल्यावर लिलिएन्थालच्या प्रयोगांविषयी दोघांच्या चर्चा सुरू झाल्या. १८९९ साली विल्बर यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन या विख्यात संस्थेला पत्र पाठवून उड्डाणाविषयी उपलब्ध असलेले साहित्य मागवले. संस्थेने पुस्तिका आणि ग्रंथांची यादी तत्परतेने पाठवून दिली. याच संस्थेशी पुढे आपला दीर्घकाळ वाद होईल, अशी त्या वेळी भावांना कल्पनाही नव्हती.

उडू पाहणाऱ्या इतर लोकांचे लक्ष मुख्यतः एंजिनाच्या शक्तीकडे होते. राइट बंधूंनी वेगळा विचार केला. सायकल चालवणाऱ्याला जसा प्रत्येक क्षणी तोल सांभाळावा लागतो, तसाच तो उडणाऱ्यालाही सांभाळावा लागणार. म्हणून आधी तोल, मग एंजिन, असे त्यांनी ठरवले. पक्षी पंखांची टोके किंचित पिळून तोल सावरतात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या यंत्राचे पंखही दोऱ्यांच्या साहाय्याने तसेच पिळता यावेत, अशी योजना त्यांनी केली.

प्रयोगासाठी त्यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किटी हॉक हे समुद्रकाठचे गाव निवडले. तेथे वारा भरपूर होता आणि पडले तरी इजा होऊ नये अशी मऊ वाळू होती. १९०० आणि १९०१ साली त्यांनी तेथे एंजिन नसलेली दोन ग्लायडर नेऊन उडवली. परंतु पुस्तकांतील कोष्टकांवरून अपेक्षित होती तेवढी उचल पंखांना मिळेना. निराश होऊन ते डेटनला परतले. कोष्टकांवर विसंबून न राहता आता स्वतःच मोजमाप करावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. दुकानातच त्यांनी सहा फूट लांबीची, दोन्ही बाजूंनी उघडी अशी एक लाकडी पेटी बनवली आणि तिच्यातून पंख्याने वारा सोडला. करवतीची पाती व सायकलच्या तारा यांपासून केलेल्या नाजूक तराजूंवर पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने त्यांनी पारखले. या कष्टांचे फळ १९०२ साली मिळाले. नव्या ग्लायडरने त्या वर्षी शेकडो यशस्वी उड्डाणे केली. त्याचे मागचे सुकाणू स्थिर न ठेवता फिरते असावे, ही सूचना ऑर्व्हिल यांचीच होती.

आता एंजिनाची पाळी आली. योग्य वजनाचे एंजिन बाजारात मिळेना, तेव्हा दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर यांनी सुमारे सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचे एंजिन तयार करून दिले. हवा कापणारे दोन लाकडी पंखे भावांनी स्वतः तासले आणि सायकलीला असते तशा साखळ्यांनी ते एंजिनाला जोडले.

१४ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर विमान सज्ज झाले. पहिल्यांदा कोणी उडावयाचे हे नाणे उडवून ठरवण्यात आले. कौल विल्बर यांच्या बाजूने लागला. पण त्यांचे विमान वर चढताच खाली आले आणि थोडे मोडले. दुरुस्ती झाल्यावर १७ डिसेंबरच्या सकाळी ऑर्व्हिल यांची पाळी आली. वारा बोचरा होता, डबकी गोठलेली होती. पाहावयास किनाऱ्यावरील अवघी पाच माणसे हजर होती. त्यांपैकी जॉन डॅनियल्स यांच्या हाती ऑर्व्हिल यांनी आपला कॅमेरा आधीच रोखून दिलेला होता. १० वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास विमान लाकडी रुळावरून धावू लागले आणि अधांतरी झाले. १२ सेकंदांत १२० फूट अंतर तोडून ते वाळूवर उतरले. विमानाने जमीन सोडली त्याच क्षणाचे छायाचित्र डॅनियल्स यांनी टिपले. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. शेवटच्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंद हवेत राहिले आणि ८५२ फूट गेले. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने विमान उलथेपालथे करून मोडून टाकले. ते पुन्हा कधीच उडाले नाही. त्याचे तुकडे खोक्यांत भरून भावांनी डेटनला आणले.

याच महिन्यात आणखी एक प्रयत्न झाला होता. स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँगली हे मोठे विद्वान होते. १८९६ साली त्यांनी वाफेवर चालणारे, माणूस नसलेले एक लहान विमान उडवून दाखवले होते. पुढे सरकारच्या युद्धखात्याने त्यांना मोठ्या विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. परंतु त्यांचे मोठे विमान ७ ऑक्टोबर १९०३ रोजी आणि पुन्हा ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळले. वृत्तपत्रांनी त्यांची अतिशय टवाळी केली. १९०६ साली लँगली निवर्तले.

राइट बंधूंचे प्रयोग पुढे डेटनजवळच्या एका कुरणात चालू राहिले. १९०५ साली त्यांचे विमान ३९ मिनिटे हवेत राहून २४ मैल फिरले. तरीही पुष्कळांचा या गोष्टीवर विश्वास बसेना. १९०८ साली विल्बर यांनी फ्रान्समध्ये आणि ऑर्व्हिल यांनी अमेरिकेत जाहीर उड्डाणे केली, तेव्हा मात्र सारे जग थक्क झाले. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील एका उड्डाणात पंखा मोडून ऑर्व्हिल यांचे विमान कोसळले. त्यांच्याबरोबरचे लष्करी अधिकारी थॉमस सेल्फ्रिज मृत्यू पावले आणि ऑर्व्हिल यांचा पाय व बरगड्या मोडल्या. बहीण कॅथरिन यांनी नोकरी सोडून त्यांची शुश्रूषा केली. बरे होताच ते पुन्हा उडू लागले. परंतु १९१२ साली विषमज्वराने विल्बर यांचा वयाच्या ४५ व्या वर्षी अंत झाला आणि ऑर्व्हिल एकाकी पडले.

पुढच्याच वर्षी डेटनवर महापुराचे संकट आले. पहिल्या विमानाची खोकी कित्येक दिवस पाण्याखाली व चिखलाखाली होती. छायाचित्रांच्या काचाही पाण्यात बुडाल्या. पूर ओसरल्यावर ऑर्व्हिल यांनी धडधडत्या अंतःकरणाने पाहणी केली. पहिल्या उड्डाणाच्या काचेचा एक कोपरा बिघडला होता. पण विमानाचे चित्र शाबूत होते. खोक्यांवर चिखलाचा थर बसला होता, तरी आतील भागांची मोठी हानी झाली नव्हती. १९१६ साली एका प्रदर्शनासाठी ऑर्व्हिल यांनी ही खोकी उघडली. मोडलेले भाग दुरुस्त करून, हरवलेले भाग नव्याने घालून, त्यांनी विमान पुन्हा उभे केले.

याच काळात एक नवाच प्रश्न उभा राहिला. १९१४ साली स्मिथ्सोनियन संस्थेने लँगली यांचे जुने विमान बाहेर काढले आणि ग्लेन कर्टिस या विमान-बांधणी करणाऱ्या गृहस्थांकडे चाचणीसाठी दिले. कर्टिस हे नुकताच राइट यांच्याविरुद्ध पेटंटचा खटला हरलेले होते. लँगली यांचे विमान उडण्याजोगे होते असे सिद्ध झाले, तर राइट यांच्या हक्काला बाध येण्याचा संभव होता. कर्टिस यांनी त्या विमानात पुष्कळ फेरफार केले. पंखांचे ताण-आधार बदलले, पंख्यांत सुधारणा केली, एंजिनाचे काही भाग नवे घातले आणि पाण्यावर तरंगण्यासाठी तळाशी नावांसारखे तराफे बसवले. मग एका सरोवरावरून त्या विमानाने काही लहान उड्या मारल्या. संस्थेने मात्र हे फेरफार दृष्टीआड केले आणि आपल्या अहवालात लँगली यांच्या विमानाचा गौरव केला. पुढे त्या विमानाला पूर्वीचे रूप देऊन, माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असलेले जगातील पहिले विमान, अशा अर्थाच्या फलकासह ते आपल्या संग्रहालयात मांडले.

ऑर्व्हिल यांना याचे अतिशय दुःख झाले. हा त्यांच्या मानापमानाचा प्रश्न नव्हता. लँगली यांच्याविषयी त्यांच्या मनात आदरच होता. परंतु संग्रहालयातील फलक पुढच्या पिढ्या खरा मानून वाचतात. तो चुकीचा असेल तर असत्यच इतिहास होऊन बसते, हे त्यांना सलत होते. शिवाय विल्बर आता आपली बाजू मांडण्यास या जगात नव्हते. ऑर्व्हिल यांनी अनेकदा पत्रे लिहिली, निःपक्षपाती चौकशीची मागणी केली. त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा १९२५ साली त्यांनी जाहीर केले, की आपले विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवण्यात येईल.

या निर्णयावर अमेरिकेत मोठा गहजब झाला. देशाचा अमूल्य ठेवा परदेशी जाऊ देऊ नये, असे लोक म्हणू लागले. ऑर्व्हिल यांनाही ते सोपे वाटत नव्हते. परंतु विमान घरच्या खोक्यांत कुजत पडले तर त्याची कहाणीही विस्मृतीत जाईल. उलट ते परदेशी गेले, तर ते का गेले असा प्रश्न लोक विचारीत राहतील, असा त्यांचा विचार होता. पंखांवर त्यांनी नवी मलमल चढवून घेतली आणि १९२८ च्या आरंभी विमान लंडनला रवाना झाले.

अशी १४ वर्षे गेली. ऑर्व्हिल मितभाषी होते. त्यांनी जाहीर सभांतून कोणावर आग पाखडली नाही. अखेर स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख चार्ल्स ॲबट यांनी या वादाचा शेवट करावयाचे ठरवले. चरित्रकार फ्रेड केली यांनी मध्यस्थी केली. १९४२ साली संस्थेने एक निवेदन प्रसिद्ध केले. लँगली यांच्या विमानात १९१४ साली केलेल्या बदलांची संपूर्ण यादी त्यात दिलेली होती आणि संस्थेने केलेली पूर्वीची विधाने मागे घेतलेली होती. एवढ्या मोठ्या संस्थेने आपली चूक अशी उघडपणे मान्य करावी, हीही लहान गोष्ट नव्हे.

ऑर्व्हिल यांचे समाधान झाले. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी विमान लंडनपासून दूर, जमिनीखालील सुरक्षित जागी हलवले होते. अशा काळात समुद्रप्रवास धोक्याचा ठरला असता. म्हणून युद्ध संपल्यावर विमान अमेरिकेस परत करावे आणि त्याची प्रतिकृती तयार होईपर्यंत ते लंडनमध्येच ठेवावे, असे ऑर्व्हिल यांनी १९४३ साली लंडनच्या संग्रहालयास पत्राने कळवले. या पत्राचा त्यांनी कोठेही गाजावाजा केला नाही.

म्हातारपणीही जुन्या वस्तू जपण्याचे त्यांचे काम चालूच होते. त्यांची सायकलची इमारत आणि जुने घर मोटार-कारखानदार हेन्री फोर्ड यांनी विकत घेऊन आपल्या संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभारले. त्या कामी ऑर्व्हिल यांनी बारीकसारीक माहिती पुरवली. १९०५ सालच्या विमानाचे विखुरलेले भाग गोळा करून ते डेटनमध्ये पुन्हा उभे करण्याच्या कामातही त्यांनी लक्ष घातले होते. ते पूर्ण झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी हृदयविकाराने डेटन येथे त्यांचा मृत्यू झाला.

मृत्यूनंतर ते पत्र उजेडात आले आणि त्यांची इच्छा सर्वांना कळली. ब्रिटनने विमान सन्मानाने परत केले. ते जहाजाने कॅनडात पोहोचले आणि तेथून अमेरिकेच्या नौदलाने ते मायदेशी आणले. १७ डिसेंबर १९४८ रोजी, पहिल्या उड्डाणाला बरोबर ४५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ज्या संस्थेशी वाद झाला होता त्याच स्मिथ्सोनियन संस्थेच्या वास्तूत ते समारंभपूर्वक स्थापन झाले. ऑर्व्हिल यांच्या वारसांनी ते केवळ एक डॉलर किंमत घेऊन संस्थेला दिले. याहून आधी दुसरे कोणते विमान माणसाला घेऊन उडाले असे संस्थेने म्हटल्यास विमान परत घेतले जाईल, अशी अट करारात घालण्यात आली. राइट बंधूंची रोजनिशी, पत्रे आणि छायाचित्रांच्या काचा अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयास देण्यात आल्या. कोपरा बिघडलेली ती काचही त्यांत होती.

१९६९ साली माणूस प्रथम चंद्रावर उतरला, तेव्हा नील आर्मस्ट्राँग यांनी या विमानाच्या लाकडाचे व कापडाचे छोटे तुकडे बरोबर नेले होते. २०२१ साली मंगळावर उडालेल्या छोट्या यानावरही या विमानाच्या पंखाच्या कापडाचा एक कण होता. ज्याने आकाशात अवघे १२० फूट अंतर तोडले, त्या विमानाचे अंश असे परक्या ग्रहापर्यंत जाऊन पोहोचले. महापुराच्या चिखलातून ज्याने हे लाकूड आणि कापड बाहेर काढले, आणि त्याची खरी हकीगत मिटू नये म्हणून जो आयुष्यभर खपला, त्या ऑर्व्हिल राइट यांच्या चिकाटीमुळेच हे शक्य झाले.